बाहेरून ठरवावे

मिरजेतल्या त्या मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाच्या दारावर एक दिवा होता. वॉर्डात दिलेल्या औषधामुळे कुणाला रक्तस्राव झाला नाही, तोवर दिवा पांढरा राहायचा. झाला की लाल व्हायचा, महिनाभर लालच राहायचा आणि रुग्णालयाचं मानांकन एक पायरी खाली यायचं. मानांकन घसरलं की विमा कंपन्या पेशंट दुसरीकडे पाठवायच्या. त्यामुळे इथे पेशंटपेक्षा दिव्याची काळजी जास्त घेतात, असं डॉ. मृणाल मगदूम म्हणायची. तेव्हा ती हे हसत म्हणायची.

तीन वर्षं दिवा पांढरा होता. विभागप्रमुख डॉ. बिडकर राउंडला आले की आधी वर बघत, मग आत जात.

फेब्रुवारीत भूपालमामाला न्यूमोनिया झाला आणि तो याच वॉर्डात दाखल झाला. भूपाल उपाध्ये म्हणजे सांगलीच्या हळद बाजारातला जुना अडत्या, शेतकऱ्यांची हळद व्यापाऱ्यांना विकून देणारा. मृणाल लहान असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून तिचं शिक्षण, तिचे लाड आणि तिला रागावणं हे सगळं मामानंच केलं. मामी गेल्यावर त्याला मृणालशिवाय कुणी नव्हतं. नात्यातल्या माणसाच्या उपचाराचे आदेश डॉक्टरनं द्यायचे नाहीत, असा रुग्णालयाचा नियम होता. म्हणून मामा बिडकरांच्या नावावर दाखल झाला. मृणालला ईसीजी वाचायला बिडकरांनीच शिकवलं होतं. तिला वाटलं, मामाला याहून चांगला डॉक्टर कोण मिळणार.

न्यूमोनिया आटोक्यात आला. पण हृदयाचे ठोके टिपायला मामाच्या छातीवर चिकटवलेल्या पट्टीनं भलतंच काहीतरी पकडलं.

हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन कप्पे असतात. वरचे आकसले की रक्त खाली उतरतं, खालचे आकसले की ते अंगभर जातं. उतारवयात काहींच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. ते आकसायचं सोडून नुसते थरथरत राहतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. माणसाला कधी धडधड जाणवते, कधी काहीच जाणवत नाही. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. मोरीच्या कोपऱ्यात पाणी साचावं तसं रक्त त्या पिशवीत रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की धडधाकट माणूस बोलता बोलता गप्प होतो. त्यालाच आपण अर्धांगवायू म्हणतो.

यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत. पातळ हा आपला बोलण्याचा शब्द. खरं तर त्या रक्ताला सहजासहजी गोठू देत नाहीत. त्यामुळे गुठळी टळते, आणि त्याच कारणानं कुठे जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. कुणाला गोळी द्यायची आणि कुणाला नाही, हे पूर्वी डॉक्टर अंदाजानं ठरवत. मग प्रतिहृदय आलं. स्कॅन आणि छातीवरची पट्टी यांच्या आधारानं हे यंत्र त्याच माणसाचं हृदय पडद्यावर उभं करतं, त्या पिशवीसकट. मग त्या हृदयाचं पुढचं वर्ष काही मिनिटांत पळवून बघतं. कितीतरी वेळा गोळीशिवाय, कितीतरी वेळा गोळी देऊन.

मामाचं वर्ष पळवल्यावर यंत्र म्हणालं: गोळी दिली नाही तर शंभरात अकरा वेळा अर्धांगवायू, दिली तर तीन वेळा. गोळीमुळे मोठा रक्तस्राव शंभरात दोन वेळा. गोळी सुरू करावी.

त्याखाली दोन बटणं होती. एकावर ‘सुरू’, दुसऱ्यावर ‘बाहेरून ठरवावे’. म्हणजे आम्ही काही ठरवत नाही, पेशंट घरी गेल्यावर त्याचा नेहमीचा डॉक्टर काय ते बघेल. बिडकरांनी दुसरं बटण दाबलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मृणालनं त्यांना त्यांच्या खोलीत गाठलं.

“सर, प्रतिहृदय सुरू करा म्हणतंय.”

“म्हणायला त्याचं काय जातंय? सही मी करायची.” बिडकर चष्मा पुसत होते. “मूळव्याध आहे त्यांना. रक्त पडतं कधीकधी. तूच सांगितलंस.”

“वर्षातून एखाद्या वेळी पडतं, सर. यंत्रानं ते धरलंय.”

“बस.” त्यांनी तिला खुर्ची दाखवली. “मी तुझ्याएवढा होतो तेव्हा एका शिक्षकांना ही गोळी लिहिली होती. जठरात व्रण होता, कुणाला माहीत नव्हता. रक्त ओकून गेले. त्यांच्या मुलांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, मला बाहेर ओढलं. माझ्या गोळीनं माणूस गेला तर मी मारला, मृणाल. गोळी न देता गेला तर देवानं नेला. नातेवाईक असंच धरतात, कोर्ट असंच धरतं, आणि तो दिवासुद्धा असंच धरतो.”

“आणि अर्धांगवायूचा दिवा कुठे आहे?”

“अर्धांगवायू घरी होतो,” बिडकर म्हणाले. ते हे शांतपणे म्हणाले, जसं काही हवामान सांगत होते.

मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी होतो, म्हणून तो कुणाच्याच खात्यावर पडत नाही. स्वयंपाकघरात होतो, अंगणात होतो, देवळाच्या पायरीवर होतो, म्हणून वॉर्डाचं त्याच्याशी देणंघेणं नाही. माणसाचा धोका तोच, हृदय तेच, पण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की तो धोका अनाथ. या माणसानं आपल्याला पेशंटची नाडी मनगटावर नुसती मोजायची नसते, ऐकायची असते, असं शिकवलं होतं. तोच आता नाडी सोडून दिवा बघत होता. तिला काचा फोडणाऱ्या त्या मुलांचाही राग आला. बिडकरांची भीती खोटी नव्हती, पण स्वतःच्या भीतीची किंमत त्यांनी शेकडो माणसांकडून वसूल करायची, हे कुठलं औषधशास्त्र?

तिनं मामाच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. मार्केट यार्डाजवळ दवाखाना असलेले कोरे डॉक्टर भले गृहस्थ होते.

“अहो मॅडम, एवढी यंत्रं हाताशी असून तुम्ही दिली नाहीत, आणि मी देऊ? तुमच्या सरांनी काहीतरी विचार करूनच दिली नसणार.”

“विचार वगैरे काही नाही. वॉर्डाच्या दारावर एक दिवा आहे, म्हणून दिली नाही.”

कोरे डॉक्टरांना ती गंमत वाटली आणि ते मोठ्यानं हसले. आतला म्हणत होता बाहेरचा ठरवेल, बाहेरचा म्हणत होता आतल्यानं ठरवलंय. दोघांचेही हात स्वच्छ होते. मधल्या मधे मामा सुटकेसमध्ये टूथब्रश भरत होता.

मामा घरी गेला त्या संध्याकाळी मृणाल स्वतःच गोळ्या घेऊन सांगलीला गेली. खुलासा मागतील तर मागू देत, असं तिनं ठरवलं होतं. मामा दिवाणावर पाय पसरून बसला होता. दवाखान्यात इतके दिवस राहूनही त्याच्या नखांचा पिवळा रंग गेला नव्हता.

“बिडकरसायबांनी दिली न्हाई, आणि तू देतीस व्हय?”

“मामा, यंत्र सांगतंय द्यावी म्हणून.”

“मग मला दाखव की ते यंत्र.”

ते मृणालच्या हातात नव्हतं. प्रतिहृदय पेशंटला दाखवायचं नाही, माणसं घाबरतात, असाही एक नियम होता.

“म्हंजे माल न दाखवताच इकायला आलीस.” मामाला हसू आलं. “हे बघ लेकी, हंगाम हाय. सकाळपासनं पोती फोडायची, सुरी लावायची, हाताला रोज कायतरी लागतंय. ग्राहकाचा हात हातात घ्यायचा, आणि माझं रक्त थांबंना झालं तर? आणि घरच्या माणसाच्या हातची गोळी म्हंजे भ्यालेल्या माणसाची गोळी. मोठ्या डॉक्टरला काय भ्या असतंय?”

मोठ्या डॉक्टरला कसली भीती असते हे मृणालला सांगता आलं असतं. पण मामाचा बिडकरांवर विश्वास होता आणि तो मोडायला तिची जीभ वळेना. ज्या रुग्णालयात आपली भाची काम करते, तिथे आपल्याला वाऱ्यावर सोडलंय, हे त्याला कसं सांगायचं? ती नुसती म्हणाली, “मामा, माझं ऐक.”

“टावेल आण,” मामा म्हणाला.

हळद बाजारातले बहुतेक सौदे आता पडद्यावर होत होते, पण जुने व्यापारी अजून टॉवेलावर भरवसा ठेवून होते. दोघांनी हात हातात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा. एकक मोठ्यानं बोलायचं, शेकडा की हजार. आकडा मात्र बोटांनी सांगायचा, समोरच्याची तितकी बोटं धरून. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. दोघांना पटलं की बोटं सोडायची. बोटं सुटली की सौदा पक्का, मग मागे फिरायचं नाही. मृणालचं सगळं लहानपण या टॉवेलाखाली ठरलं होतं. सहलीला किती दिवस, अभ्यासाला किती तास, चुकीला किती दिवस अबोला.

मामानं टॉवेल टाकला आणि म्हणाला, “महिने.” त्यानं तिची तीन बोटं धरली.

“दिवस,” ती म्हणाली आणि तिनं त्याचं एक बोट धरलं. आजपासून.

“दिवस न्हाई. महिने.”

तिनं एकच बोट धरून ठेवलं. मामानं तिची दोन बोटं धरली. हंगाम संपला की अक्षय्य तृतीयेला पहिली गोळी. मृणालनं बोट सोडलं. बाहेर पडताना आपण तीनाचे दोन केले, एक महिना मिळवला, असं तिला वाटलं. शंभरातल्या अकरांना महिने कळत नाहीत, हे डॉक्टर असून ती विसरली. मामाशी सौदा करायचा म्हटलं की ती अजूनही दहा वर्षांची व्हायची.

पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भर दुपारी अपघात विभागातून तिला फोन आला. ती धावत खाली गेली तेव्हा मामा स्ट्रेचरवर होता, आणि पारसमल ओसवाल नावाचे एक वयस्कर व्यापारी हातात टॉवेल घेऊन भिंतीला टेकून उभे होते.

“हात माझ्याच हातात होता, डॉक्टर,” ते म्हणाले. “शेकडा बोलून चार बोटं धरली त्यांनी. मग पकड ढिली पडली. मला वाटलं, भूपालजी मला अडवून धरतायत, भाव वाढवायला. जुना माणूस, असाच ताणतो. मीपण थांबलो. लोक बघत होते, म्हणून मीपण तोंडावर काही दाखवलं नाही. शेवटी टॉवेल काढला तर तोंड वाकडं झालेलं.” त्यांनी टॉवेलाची घडी घातली, परत उलगडली. “मी फार वेळ थांबलो का हो?”

“तुमची चूक नाही, काका,” मृणाल म्हणाली. चूक कुणाची ते तिला ठाऊक होतं. त्यातला थोडा वाटा तिचाही होता. मोठा वाटा मात्र वरच्या मजल्यावर पांढरा उजेड पाडत होता.

तार घालून मामाच्या मेंदूतली गुठळी काढली. जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं समजायचं, तोंडातून मात्र शब्द फुटायचा नाही.

पुढच्या आठवड्यात अपघात विभागाला मानांकनाचा एक तारा मिळाला. अर्धांगवायूचा रुग्ण दारात आल्यापासून गुठळी निघेपर्यंत लागलेला वेळ विभागातला आजवरचा सर्वांत कमी होता. तो रुग्ण म्हणजे भूपाल उपाध्ये. मानांकनाच्या लेखी तो नवा पेशंट होता, बाहेरून आलेला. याच इमारतीतून, प्रतिहृदयानं ‘गोळी सुरू करावी’ असं सांगितल्यावर, गोळीशिवाय बाहेर काढलेला माणूस तोच, हे जोडून बघायची कुणाला गरज नव्हती. जाताना तो कुणाच्या खात्यावर नव्हता. येताना त्यानं तारा आणला. कँटीनमध्ये पेढे वाटले. एक शिकाऊ डॉक्टर मृणालपुढे पेढ्याचा बॉक्स घेऊन आला. तिनं बॉक्स त्याच्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याला काही कळलं नाही. त्याला कळावं अशी व्यवस्थाच नव्हती.

मामाला पुन्हा वरच्या वॉर्डात आणलं. मेंदूवरची सूज उतरली, घास गिळता यायला लागला, नवा स्कॅन स्वच्छ आला. गोळी सुरू करायला आता हरकत नव्हती. प्रतिहृदयानं पुन्हा वर्ष पळवलं. एकदा गुठळी सुटलेल्या माणसाला दुसरीचा धोका जास्त असतो. गोळीशिवाय शंभरात अठरा, असा आकडा आला.

घरी सोडायच्या दिवशी मृणाल मामाला न्यायला आली. बिडकर खाटेपाशी उभे होते. पडद्यावर तीच ओळ होती: ‘बाहेरून ठरवावे’.

मृणालला आधी वाटलं, आपण जुनाच पडदा बघतोय.

“सर, परत?”

“आता मेंदूत जखम आहे, मृणाल. तिथे रक्त उतरलं तर?”

“ते धरून आलाय आकडा.”

बिडकरांनी आवाज खाली आणला. “मानांकनाची पाहणी येतेय. एवढी होऊ दे. पाहणी झाली की मी स्वतः सुरू करतो. माझा शब्द.”

“दिवस का महिने, सर?”

“काय?”

“किती थांबायचं? दिवस, का महिने?”

“महिना-दोन महिने,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. दुष्ट माणसाशी भांडता आलं असतं. हा माणूस काळजी करत करत मामाला दुसऱ्यांदा ढकलून देत होता, आणि रात्री त्याला नीट झोप लागणार होती.

“असा एक सौदा मी केला, सर. मोठ्या डॉक्टरांवर भरवसा होता, म्हणून मामानं थांबायचं म्हटलं, आणि मी ऐकलं. दुसरा करणार नाही.”

तिनं यंत्राच्या पडद्याची दांडी धरली आणि पडदा मामाकडे वळवला.

“पेशंटला दाखवायचं नसतं ते,” बिडकर म्हणाले. खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या.

“माल न दाखवता विकायचा नसतो.”

मामानं स्वतःचं हृदय बघितलं. वरचा कप्पा थरथरत होता. मृणालनं बोट ठेवून ती छोटी पिशवी दाखवली. तिच्यात राखाडी रक्त फिरत होतं, आणि एका कोपऱ्यात फिरायचं थांबलं होतं. तिनं त्याला अठरा काय, ते सांगितलं. गोळीनं काय होईल ते सांगितलं, आणि गोळीनं काय वाईट होऊ शकेल तेही सांगितलं, मूळव्याधीसकट. हे सगळं सांगायला चहाचा कप संपेल एवढासुद्धा वेळ लागला नाही. फेब्रुवारीतही लागला नसता.

मामा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं बिडकरांकडे बघितलं. ज्या माणसाला कसली भीती नसते असं त्याला वाटत होतं, त्या माणसाकडे. बिडकरांनी नजर वळवली.

मामाचा डावा हात उशाशी काहीतरी चाचपत होता. मृणालनं तिथला टॉवेल उचलून त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. मामानं तिचं एक बोट धरलं.

एकक मोठ्यानं बोलायचं असतं. मामाला बोलता येत नव्हतं, म्हणून तिनंच विचारलं.

“महिना?”

त्यानं मान हलवली. नाही.

“दिवस?”

मान खाली आली.

“आज?”

मामानं बोट घट्ट दाबलं आणि सोडून दिलं.

मृणालनं ‘सुरू’ दाबलं. पडद्यावर ओळ आली: आदेश देणारी व्यक्ती रुग्णाची नातेवाईक आहे, लेखी खुलासा द्यावा लागेल. तिनं ‘हो’ दाबलं, खिशातल्या पाकिटातून गोळी काढली आणि मामाच्या जिभेवर ठेवली. सिस्टर पुढे आल्या, त्यांनी पेला त्याच्या डाव्या हातात दिला.

“काय म्हणाले ते?” बिडकरांनी विचारलं.

“आज म्हणाले.”

बिडकरांनी सवयीनं मान वर करून दाराकडे बघितलं. दिवा पांढराच होता.

शेजारच्या खाटेवर एक आजी डिस्चार्जची वाट बघत बसल्या होत्या. सामानाची पिशवी मांडीवर होती. त्यांच्या पडद्यावरही ‘बाहेरून ठरवावे’ होतं, आणि त्यांच्या पलीकडच्या खाटेवरही.

“सिस्टर,” मृणाल म्हणाली, “आजींचा पडदा इकडे वळवा. त्यांना दाखवू.”